मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, मग वेळ चार ठिकाणी चार वेगळी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्याहून, कापूरबावडीजवळून, आई-बाबा पहिल्यांदाच न्यू जर्सीला मुलीकडे निघालेत. एका ठिकाणी मुंबई–न्यूयॉर्क अंतर १२,५४० दिसतं, दुसरीकडे ७,७९०, तिसरीकडे ६,७७०. वेळेचंही तसंच: कुठे १४ तास, कुठे पावणेसोळा, एका तिकिटावर एकवीस. यातलं खरं कोणतं, आणि घरातून निघाल्यापासून मुलीच्या दारात पोचेपर्यंत नेमका किती वेळ धरायचा?

आधी अंतराचं उरकून टाकू, ते सोपं आहे. तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा मैलांत, तिसरा नॉटिकल मैलांत. वैमानिक आणि उड्डाणाचं नियोजन करणारे नॉटिकल मैलांत बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. संकेतस्थळं एकक बारीक अक्षरात छापतात, तिथेच घोळ होतो. दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर तो पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांकडे किंचित चपटी धरली यातला असतो. सोडून द्या.

हे अंतर मोजतात कसं, ते मात्र समजून घ्या, कारण विमान कुठून जाणार हे त्यातूनच कळतं. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को आणि मग सरळ अटलांटिक अशी जाते. पाहायला जवळची वाटते. त्याच रेघेवरून, म्हणजे होकायंत्राची दिशा एकच ठेवून, उडालं तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. खऱ्या जवळच्या वाटेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटर जास्त, जवळजवळ दोन तास.

खरी जवळची वाट बघायची असेल तर मुलांचा शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि एक दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर दाबून धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो आणि बलुचिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या अगदी जवळून, फिनलंड, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडा असा बसतो. सर्वात वर तो ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा पट्टीवर ठेवून मोजा, साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. गुणाकार केला की तेच साडेबारा हजार. आई-बाबांना हे एकदा करून दाखवा. नाहीतर विमानातल्या पडद्यावर उत्तर युरोपवरून जाताना दिसलं की ‘विमान वाट चुकलं की काय’ अशी चर्चा होणारच.

पण या दोऱ्यावरून विमान हुबेहूब कधीच जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, अटलांटिकवर वाऱ्यानुसार रोज नव्याने आखलेल्या पट्ट्या असतात, आणि मुख्य म्हणजे खाली देश असतात. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. त्याचा मोठा फटका दिल्लीला बसला. उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही थेट विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून बाहेर पडू शकतं, म्हणून आपल्याला झळ कमी बसते, पण बसतेच. अमेरिकी कंपन्या २०२२ पासून रशियावरून उडत नाहीत. इराण-इराकच्या आकाशात तणाव वाढला की वाट आणखी दक्षिणेला सरकते. किती फरक पडतो याचा अंदाज घ्यायचा तर मुंबई–कैरो–न्यूयॉर्क असं धरा. मुंबई–कैरो ४,३४० आणि कैरो–न्यूयॉर्क ९,०२० मिळून १३,३६० होतात. म्हणजे आठशेवीस किलोमीटर जादा. लांब पल्ल्याच्या विमानाला हा साधारण तासाभराचा वळसा. हा हिशोब लक्षात ठेवा: दर ८५० किलोमीटरला एक तास.

आता वेळ. गोंधळ खरा इथे आहे, कारण ‘प्रवासाचा वेळ’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी छापल्या जातात.

अंतर टाकलं की वेळ सांगणारी संकेतस्थळं फक्त भागाकार करतात. अंतर भागिले ८५०, वर अर्धा तास. काही तेवढाही अर्धा तास धरत नाहीत आणि वेग ९०० धरतात. तिथून तुमचे ‘१४ तास’ आले. वारा हा प्रकारच त्यांच्या हिशोबात नसतो.

वारा म्हणजे काय ते आकड्यांत बघू. बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० साधारण मॅक ०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंश तापमान असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे विमानाचा हवेतला वेग ९००. पण हवा स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असते. जाताना संपूर्ण वाटेवर सरासरी ६० चा समोरचा वारा धरला तर जमिनीवरचा वेग उरतो ८४०. वळसे धरून अंतर १२,९०० करा. भागाकार येतो पंधरा तास वीस मिनिटं. येताना सरासरी ४० ची पाठराखण मिळाली तर वेग ९४० आणि वेळ पावणेचौदाच्या आत. तेच विमान, तेच अंतर, फरक दीड तासाहून जास्त. हिवाळ्यात वरचा वेगवान वारा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, जोरात असतो आणि त्याचा मधला पट्टा ताशी दोनशेच्याही पुढे जातो. तेव्हा हा फरक वाढतो. जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त तास घालवतो आणि पाठच्या वाऱ्यात कमी.

अंतर आणि वेळ यांची फारकत किती होऊ शकते याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ मात्र घटून साडेचौदा तासांवर आला, कारण वारा सगळी वाट पाठीशी होता. किलोमीटर बघून तिकीट निवडणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

दुसरी वेळ म्हणजे वेळापत्रकातली. ती हवेतली नव्हे. इथल्या गेटवरून चाकं हलल्यापासून तिथल्या गेटवर थांबेपर्यंतची. म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच चालते, आणि गर्दीच्या तासाला वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवरच जातात. कंपन्या हे जाणून वेळापत्रकात थोडी सैल ठेवतात. म्हणून तर ‘अर्धा तास लवकर उतरलो’ असं अनेकदा घडतं. मग गेट रिकामं नसतं आणि तो अर्धा तास विमानात बसूनच जातो! थेट विमानाची गेट ते गेट वेळ जाताना साडेपंधरा-सोळा आणि येताना चौदा ते साडेचौदा धरून चाला. नेमकं बघायचं तर विमान मागावर ठेवणाऱ्या ॲपमध्ये उड्डाण क्रमांक टाकून मागच्या सात-आठ दिवसांत प्रत्यक्ष किती वाजता पोचलं ते पाहा. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका.

तिसरी वेळ तिकिटावरची, मधला थांबा धरून. तुमचे एकवीस तास ते हेच. दुबईवरून गेलं तर मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०१०, मिळून १२,९४०. वाट जेमतेम चारशे किलोमीटरने लांबते, कारण दुबई दोऱ्यापासून फार लांब नाही. पण वेळ बघा: सव्वातीन तास, मग साडेतीन तासांचा थांबा, मग चौदा तास. पावणेएकवीस. थेट विमानापेक्षा पाच तास जास्त. हे पाच तास जवळजवळ सगळे थांब्याचे आणि एका जादा चढ-उतराचे आहेत, अंतराचे नाहीत.

मग थेट घ्यावं की थांब्याचं? पासष्टीच्या पुढच्या, पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला मी थेटच सांगेन, भाडं जास्त असलं तरी. सलग पंधरा तास गुडघ्यांना जड जातात हे खरं, पण दर दीड-दोन तासांनी उठून फिरता येतं. परक्या विमानतळावर मध्यरात्री गेट शोधत फिरणं त्याहून जड. थांबा घ्यायचाच असेल तर अडीच तासांपेक्षा कमी नको आणि पाचपेक्षा जास्त नको, आणि दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढून सात-आठ हजार वाचवणारे कुठे फसतात ते ऐका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर काहीच बंधन नसतं. सामान पुढे आपोआप जात नाही. ते घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी त्या मधल्या देशाचा व्हिसा लागतो. व्हिसा नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात.

अमेरिकेतच पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर आणखी एक गोष्ट. तिथे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, आणि सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं, टॅगवर शेवटचं शहर लिहिलेलं असलं तरी. तिथे तीन तास ठेवाच.

घड्याळाचा हिशोब अनेकांना जमत नाही, आणि तो चुकला की तिकिटावरचे सगळे तास चुकतात. तिकिटावर सुटण्याची वेळ इथली असते, पोचण्याची तिथली. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचा उन्हाळा मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. आपलं घड्याळ हलत नाही, त्यांचं हलतं. तोंडी हिशोबाची युक्ती अशी: इथली रात्र तिथली सकाळ करा आणि उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात दीड तास मिळवा. इथे रात्रीचे नऊ, तर तिथे सकाळचे नऊ अधिक अडीच, साडेअकरा.

समजा, जूनच्या तिकिटावर मुंबई ०२:०० आणि न्यूयॉर्क ०८:०० असं लिहिलंय, तारीख एकच. सहा तासांचा प्रवास वाटतो. तिथले आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच; दोनपासून साडेपाचपर्यंत साडेपंधरा तास. हे बरोबर जुळतं.

आणि याच तिकिटावर सर्वात महाग पडणारी चूक बसलेली असते. १२ तारखेला पहाटे दोनचं विमान म्हणजे घरून निघायचं ११ तारखेच्या संध्याकाळी. बारा तारखेला रात्री जेवून निवांत निघालेल्या माणसाचं विमान तोवर तिकडे पोचून परतीच्या तयारीला लागलेलं असतं. फ्रिजवर चिठ्ठी लावायची तर ‘१२ ला विमान’ असं लिहू नका, ‘११ ला संध्याकाळी साडेसातला घर सोडणे’ असं लिहा.

आता चौथी वेळ, दारापासून दारापर्यंतची. ठाणे आणि सहारचं टी-२ (मुंबई विमानतळाचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल) यांच्यात सरळ रेषेत सोळा किलोमीटरही नाहीत. पण मध्ये पवईचे डोंगर आणि तलाव. कापूरबावडीहून रस्ता पंचवीस किलोमीटरच्या आसपास. माजिवडा, तीन हात नाका, पूर्व द्रुतगती महामार्ग, विक्रोळीला जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता, मग पवईवरून साकी विहार रोडने साकीनाक्याकडे, नाहीतर जोडरस्त्याने थेट पश्चिम द्रुतगती महामार्ग गाठून सहारच्या उन्नत मार्गाने. पहाटे पाऊण तास. संध्याकाळी साडेसहा ते नऊ यात दीड तास सहज, पावसात दोन. घोडबंदर रोडवर कासारवडवलीपलीकडे राहणाऱ्यांनी वर अर्धा-पाऊण तास धरावा; गायमुखकडून अवजड गाड्यांची रांग लागली की मॅप दाखवतो तो वेळ निव्वळ आशावाद.

लोकलने घाटकोपर, मेट्रो एकने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो तीनने टी-२ असाही रस्ता आहे, आणि हातात एकच बॅग असेल तर उत्तम आहे. पण तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा घेऊन घाटकोपरच्या पुलावर चढायचं आई-बाबांना सांगू नका. शिवाय पोचवून परत येणाऱ्यांना अपरात्री मेट्रो मिळत नाही.

अमेरिकेच्या विमानाचं काउंटर सुटण्याच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतं. आपल्या कंपनीचा नेमका आकडा तिकिटाखालच्या अटींत असतो. इमिग्रेशन आणि तपासणीनंतर अमेरिकेच्या विमानांना गेटवर पुन्हा तपासणी होऊ शकते. म्हणून साडेतीन तास आधी पोचा. दोनचं विमान म्हणजे साडेदहाला टी-२ च्या दारात, म्हणजे ठाण्याहून नऊला, आणि पावसाळा असेल किंवा व्हीलचेअर मागितली असेल तर साडेसात-आठला. व्हीलचेअर आधी तिकिटावर नोंदवा. ऐनवेळी मागितली तरी मिळते, पण थांबावं लागतं.

उतरल्यावर इमिग्रेशनला एक ते दोन तास. मुलगी एडिसनला राहते म्हणता, तर तिकीट काढण्यापूर्वी हे बघा: केनेडी विमानतळावरून एडिसन सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, अख्खं ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड ओलांडून. नेवार्कहून तीसेक किलोमीटर. ‘न्यूयॉर्क’ असं शोधलं की दोन्ही विमानतळ यादीत येतात. केनेडीचा कोड जेएफके, नेवार्कचा ईडब्ल्यूआर. भाड्यात हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर नेवार्क घ्या.

सगळी बेरीज: ठाण्याहून रात्री नऊला निघालात, आठला केनेडीला उतरलात, दहाला बाहेर आलात, दीड तास गाडी. घरात साडेअकरा, म्हणजे इथले रात्रीचे नऊ. बरोबर चोवीस तास. दुबईमार्गे एकोणतीस-तीस. साडेबारा हजार किलोमीटरला हवेत पंधरा तास, आणि दोन्ही टोकांच्या मिळून शंभरएक किलोमीटरला उरलेले नऊ.

नवी मुंबई विमानतळाबद्दलही विचारलंय. तो २५ डिसेंबर २०२५ ला देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाला. कोड एनएमआय, सहारचा बीओएम. कोकण भवन, खारघर, पनवेलकडच्यांना तो दाराशी आहे. ठाण्याहून ठाणे–बेलापूर रस्त्याने पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे सहारपेक्षा लांब, पण पहाटे रस्ता मोकळा मिळतो. धोका वेगळाच आहे. नागपूरहून किंवा गोव्याहून येऊन पुढे परदेशी विमान पकडणाऱ्यांनी दोन्ही कोड डोळ्यांत तेल घालून बघावेत. शोधताना ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. उलव्याला, म्हणजे नवी मुंबई विमानतळावर उतरून सहारला जायचं असेल तर सरळ रेषेत अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, रस्त्याने चाळीसच्या आसपास, आणि वेळ सव्वा तासापासून अडीच तासांपर्यंत काहीही. सामान उचलणं, गाडी मिळवणं, पुन्हा तपासणी हे धरून दोन विमानांत सहा तास नसतील तर असं तिकीट काढू नका.

परतीचं थोडक्यात. उन्हाळ्यात केनेडीहून दुपारी बाराला सुटलेलं थेट विमान सव्वाचौदा तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी आपल्या पावणेबाराला पोचतं. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असतं ते याचंच. गाडीवाल्याला सांगताना सुटण्याची नव्हे, ही पोचण्याची तारीख सांगा. आणि तासाभराने या म्हणा, कारण बाहेर येईपर्यंत एक तास लागतोच.

बाबांना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर या चोवीस तासांत घड्याळ साडेनऊ तास मागे जाणार आहे, तेव्हा कोणती गोळी इथल्या वेळेने घ्यायची आणि कोणती तिथल्या, हे त्यांच्या डॉक्टरांकडून निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन असेल तर नक्कीच. तो कागद, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि तीन-चार दिवसांची औषधं हातातल्या पिशवीत, बाकीची मोठ्या बॅगेत.